फिर्यादी भूत, आरोपी म्हातारी

मुंबईची लोकल कसाऱ्याला संपते. पुढे इगतपुरीपर्यंत घाट आहे, ३७ फुटांमागे १ फूट चढ. हा रेल्वेमार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला आणि आजही तो चढताना गाडीला मागून जादा इंजिनांचा रेटा लागतो. या इंजिनांना बँकर म्हणतात. शेजारून मुंबई–आग्रा महामार्ग वर चढतो. घाटमाथ्यावर घाटनदेवीचे देऊळ आहे, तिथे ट्रकवाले हात जोडून पुढे निघतात. तीव्र उतार, तापून निकामी होणारे ब्रेक, पावसाळ्यातले धुके, सुटणारी दरड असे या घाटाचे सगळे धोके डोळ्यांना दिसणारे आहेत. तरीही ‘भारतातले झपाटलेले रस्ते’ अशी कुठलीही यादी काढून पाहिली, तर कसारा घाटाच्या नावापुढे बहुतेक वेळा एक म्हातारी सापडते. तिला मुंडके नाही, ती झाडावर बसते आणि रात्रीच्या प्रवाशांना दिसते.

या म्हातारीला नाव नाही, गाव नाही, ती कशाने मेली याची गोष्टही नाही. भुताच्या कथेत सहसा आधी अन्याय असतो आणि मग भूत येते. इथे अन्यायाचा पत्ताच नाही, आहे फक्त आरोप. घाटातल्या भीतीला एक चेहरा हवा होता. तो म्हातारीचा निवडला गेला आणि तिच्या धडावर डोकेही ठेवले नाही.

भयपटांचा विचार नेमका इथून सुरू करायला हवा. झपाटलेल्या घरात अडकलेले कुटुंब हा जगभरच्या भयपटांचा सर्वांत टिकाऊ साचा आहे. नवे घर, कर्ज काढून आलेले नवरा-बायको, मुलांना रात्री ऐकू येणारे आवाज, गावकऱ्यांचे मौन, शेवटी मांत्रिक किंवा पाद्री. या साच्याबद्दल दोनच प्रश्न नेहमी विचारले जातात: भूत असते का, आणि चित्रपट घाबरवतो का? तिसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. भुताची प्रत्येक गोष्ट एक निवाडा करते. घरात घडलेल्या वाईटाचा दोष कुणाच्या दारात ठेवायचा, हे ती ठरवते. काही गोष्टींत भूत फिर्यादी असते: माझ्यावर अन्याय झाला, तो जिवंत माणसांनी केला, त्यांना जाब विचारा, असे ते सांगत असते. काही गोष्टींत भूत आरोपी असते: सगळे वाईट त्यानेच केले, त्याला हाकला की घर शांत. वरवर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, अंधार आणि किंचाळ्यांसह. पण पहिली गोष्ट प्रेक्षकाला शहाणे करते आणि दुसरी त्याच्या हातात एक जुने, धोकादायक हत्यार देते.

अमेरिकेतल्या ॲमिटीव्हिलच्या घराची गोष्ट पाहू. १३ नोव्हेंबर १९७४ रोजी त्या घरात एका मुलाने आई-वडील आणि चार भावंडे अशा सहा जणांना गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, लुट्झ कुटुंबाने ते घर ८० हजार डॉलरना घेतले आणि २८ दिवसांत सोडले. आपल्याला तिथे अमानवी अनुभव आले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर आधी पुस्तक आले आणि १९७९ मध्ये चित्रपट. भयकथाकार स्टीफन किंग यांनी ‘डान्स मकाब्र’ या पुस्तकात या चित्रपटाबद्दल एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे: यातली खरी भीती पैशांची आहे. घर कोसळत चालले आहे, दुरुस्तीचा खर्च वाढतो आहे आणि सगळी पुंजी त्यात अडकल्याने बाहेर पडता येत नाही. ‘हे लोक घर सोडून जात का नाहीत?’ या प्रेक्षकाच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कर्जाच्या कागदात असते.

‘द कॉन्ज्युरिंग’ची गोष्ट वेगळी आहे. जेम्स वान यांचा हा २०१३ चा चित्रपट ऱ्होड आयलंड राज्यातल्या हॅरिसव्हिल इथल्या पेरॉन कुटुंबाची सत्यकथा म्हणून दाखवला गेला. त्यातले दुष्ट भूत बॅथशीबा नावाच्या बाईचे आहे. तिने आपले तान्हे मूल सैतानाला बळी दिले आणि झाडाला फास घेतला, असे चित्रपट सांगतो. बॅथशीबा शर्मन नावाची बाई तिथे खरोखर होऊन गेली. ती वयाची सत्तरी ओलांडून १८८५ मध्ये वारली आणि तिने असे काही केल्याचा कुठलाही पुरावा नाही. चित्रपटानंतर तिच्या थडग्याचा दगड लोकांनी फोडला. चित्रपट आणखी एक धागा जोडतो: ही बाई सेलमच्या मेरी ईस्टी हिच्या नात्यातली होती. मेरी ईस्टीला चेटकीण ठरवून २२ सप्टेंबर १६९२ रोजी फाशी दिली गेली. सेलममध्ये त्या वर्षी १९ जणांना फासावर चढवले आणि एकाला दगडांखाली चिरडून मारले. पुढे १७११ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या शासनाने त्यांतल्या बहुतेकांवरचा दोष मागे घेतला, मेरी ईस्टीचे नाव त्यांत होते आणि घरच्यांना भरपाईही मिळाली. म्हणजे वसाहतीच्या सरकारने तीनशे वर्षांपूर्वी जिला निर्दोष म्हटले, तिचे नाव एकविसाव्या शतकातला चित्रपट चेटकिणीच्या वंशावळीत पुन्हा लिहितो. तंत्राच्या दृष्टीने हा चित्रपट उत्तम आहे, त्यामुळेच त्याचा निवाडा अधिक त्रासदायक ठरतो.

मराठीत या दोन्ही वाटा आहेत आणि चांगल्या वाटेवरचे काम अभिमान वाटावा असे आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकाला भयकथेची आणि गूढकथेची गोडी लावली. धारपांच्या कथांचे ऋण राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’वर आहे. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या या हिंदी चित्रपटाचा जीव मराठी आहे. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत तो एका कोकणस्थ कुटुंबाची हाव दाखवतो. वाड्याचे चित्रीकरण सासवडच्या पुरंदरे वाड्यात झाले. त्यातही साखळीने जखडलेली एक भयानक आजी आहे. पण बर्वे तिच्यावर दोष ठेवून मोकळे होत नाहीत. ती शापाचे कारण नाही, शाप भोगणारी आहे. तिच्यापर्यंत शाप आला तो सोन्याच्या लोभातून, आणि तोच लोभ नातू पुढे आपल्या मुलाला शिकवतो. भुताला मारून प्रश्न सुटत नाही, कारण प्रश्न भुताचा नाहीच, हे प्रेक्षकाला उपदेशाशिवाय कळते.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) त्याहून सरळ बोलतो. सावकारांच्या तगाद्याने पळालेला नवरा गरोदर बायकोला घेऊन उसाच्या शेतातल्या एका घरात आसरा घेतो. घरात तुळसाबाई नावाची प्रेमळ वाटणारी बाई आहे, आणि मुले आहेत जी गरोदर बायकोशिवाय कुणालाच दिसत नाहीत. पूजा सावंत आणि उषा नाईक यांनी या दोन भूमिका जीव ओतून केल्या आहेत. हळूहळू कळते की त्या घरात मुली जन्मू दिल्या जात नाहीत. भुते त्या मारलेल्यांची आहेत आणि मारणारे जिवंत, हसतमुख, घरातले आहेत. २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात महाराष्ट्रात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात तर ८०७. हे आकडे वर्तमानपत्रात छापून आले तेव्हा वाचकाने पान उलटले. ‘लपाछपी’तल्या मुलांचा आवाज तसा उलटून टाकता येत नाही. फिर्यादी भुताची ताकद ही अशी असते. चित्रपटाची हिंदी आवृत्ती ‘छोरी’ २०२१ मध्ये फुरिया यांनीच केली.

आता पुन्हा कसाऱ्याकडे, म्हणजे शहापूर आणि शेजारच्या मुरबाड तालुक्याकडे वळू, कारण आरोपी भुताची गोष्ट इथे पडद्यावर संपत नाही.

ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर, तसेच इतर समाजांच्या गावांतही, भगत अजून महत्त्वाचा माणूस आहे. त्याच्याकडे झाडपाल्याचे ज्ञान असते, देवाचे विधी असतात, गाऱ्हाणे ऐकून घेण्याचा वेळ असतो. सरकारी दवाखाना दूर असला की भगत जवळ असतो, एवढे कारणही पुरेसे असते. भगत म्हणजे भोंदू असे सरसकट म्हणणे अज्ञानाचे आहे. धोका सुरू होतो तो भगत किंवा देवऋषी निदान सोडून निवाडा करतो तेव्हा. पोर तापाने फणफणले, गाय दगावली, सून नांदेना; मग कुणीतरी दाणे टाकून पाहतो आणि सांगतो की करणी आहे, वस्तीतल्या अमक्या घरातून आहे. त्या घरात बहुतेकदा एकटी म्हातारी असते, विधवा असते, किंवा जिच्या जमिनीच्या तुकड्यावर भावकीचा डोळा आहे अशी कुणी असते. तिला भुताळीण ठरवले जाते. पुरुष असेल तर भुताळ्या. त्या क्षणी झपाटलेल्या घराचा साचा उलटा होतो. घराला भुताने झपाटलेले नसते, गावाने झपाटलेले असते. आत बसलेले कुटुंब बाहेरच्या पावलांचा कानोसा घेत असते.

मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यातल्या एका गावात हे घडले. सत्तरी ओलांडलेल्या एका माणसावर जादूटोण्याचा संशय घेऊन गावातल्या लोकांनी त्याला घरातून ओढून आणले आणि पेटत्या निखाऱ्यांवर नाचायला लावले. त्याचे पाय भाजले. त्याचा व्हिडिओ पसरला आणि मुरबाड पोलिसांनी गुन्हा नोंदवला. मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आतली ही घटना आहे.

अशा वेळी चित्रपटाचा निवाडा हलका राहत नाही. ठरावीक भयपटाचा आराखडा आठवून पाहावा. घरात कुणी आजारी पडते. डॉक्टर येतो, त्याला काही कळत नाही. शिकलेला नवरा भुतावर विश्वास ठेवत नाही, म्हणून संकट वाढते. शेवटी मांत्रिक येतो, बोट दाखवून दोषी कोण ते सांगतो, आणि तो बरोबर ठरतो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. या आराखड्यात डॉक्टर हरण्यासाठीच येतो आणि शंका घेणारा माणूस शिक्षेसाठी. आता हीच गोष्ट सर्पदंश झालेल्या पोराच्या घरात ठेवून पाहावी. तिथे पहिल्या तासात दवाखाना गाठायचा की भगताकडे न्यायचे, यावर जीव अवलंबून असतो.

कुणी म्हणेल, हे सगळे अतिशयोक्त आहे. लोक चित्रपट करमणूक म्हणून बघतात आणि घरी जाऊन विसरतात. या आक्षेपात तथ्य आहे. चित्रपट पाहून कुणी दुसऱ्या दिवशी शेजारणीला निखाऱ्यांवर उभे करत नाही. चेटकिणीचा आरोप सिनेमापेक्षा कितीतरी जुना आहे. आर. ई. एन्थोव्हेन यांनी ए. एम. टी. जॅक्सन यांच्या टिपणांवरून १९१५ मध्ये ‘फोकलोअर ऑफ द कोंकण’ हे पुस्तक सिद्ध केले. त्यासाठी ठाणे जिल्ह्यासह कोकणातल्या शाळामास्तरांकडून उत्तरे मागवली होती, आणि भुते, चेटूक, उतारे यांचा तपशील त्या पुस्तकात भरभरून आहे. पडद्याने ही भीती जन्माला घातली नाही. पण पडदा तिला वारंवार एक दाखला देतो: बोट दाखवणारा बरोबर होता. समाजात आधीच दबा धरून असलेल्या आरोपाला असा दाखला मिळत राहिला, तर तो निरुपद्रवी आहे असे कसे म्हणता येईल?

हा दोष केवळ पाड्यांवर टाकणे हाही अन्यायच होईल. कल्याण-डोंबिवलीच्या सदनिकांत धंदा बसला तर वास्तुतज्ज्ञ बोलावला जातो, दरवाज्याची दिशा बदलली जाते, घरात आलेल्या सुनेचा ‘पायगुण’ तपासला जातो. शिकलेल्या घरातही दोष शेवटी बाईच्याच पायाशी येऊन थांबतो. पाड्यावर तो निखाऱ्यांपर्यंत जातो आणि सदनिकेत टोमण्यांपर्यंत. तीव्रता वेगळी आहे, रीत एकच.

मग भयपट बंद करावेत का? मुळीच नाही. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही तसे म्हणत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याला जोडलेल्या अनुसूचीत ठरावीक कृत्ये आहेत: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचे जगणे अशक्य करणे, साप चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे. कीर्तन, प्रवचन, वारी यांना त्याने हात लावलेला नाही, आणि कल्पनेतल्या भुतांशीही त्याचे भांडण नाही. भूत ही मराठी मनाची मोठी निर्मिती आहे. मुंजा, हडळ, खवीस, समंध, जखीण ही नुसती नावे घेतली तरी कितीतरी अपुऱ्या राहिलेल्या इच्छा आणि अकाली मरणे डोळ्यांपुढे उभी राहतात. मेलेल्यांना बोलू देणारी ही कला टिकायलाच हवी. मागणी एवढीच आहे की त्यांना बोलू द्यावे, त्यांच्यावर खटला भरू नये.

शहापूर-मुरबाडच्या मातीत अशा चित्रपटासाठी केवढा ऐवज आहे! भयपटात बंद घर दिसले की प्रेक्षक सावरून बसतो. इथल्या कातकरी वाड्यांवर दिवाळीनंतर अनेक घरे खरोखर बंद असतात. कारवीच्या कुडाच्या भिंती, कडी लावलेले दार, अंगणात कुत्रेही नाही. आतले कुटुंब उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेले असते आणि पावसाच्या तोंडावर परतते. बऱ्याचदा घराखालची जमीनही त्यांच्या नावावर नसते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी तिच्याविरुद्ध लढण्यासाठी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभारावी लागली, आणि तिचे काम ठाणे जिल्ह्यात अजून संपलेले नाही. ॲमिटीव्हिलच्या चित्रपटातल्या कुटुंबाला कर्जामुळे घर सोडता येत नव्हते. इथल्या कुटुंबाला कर्जामुळे घरात राहता येत नाही. या दुसऱ्या भीतीवर भयपट कुणी केला आहे का?

पाण्याचेही तसेच आहे. मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे भातसा धरणातून जाते, ते धरण शहापूर तालुक्यात आहे. १८९२ चा तानसा तलावही याच भागातला. आणि दर उन्हाळ्यात कसारा परिसरातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभ्या राहतात. आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने (२०२२) डोंबिवलीतल्या टॉवर आणि झोपडपट्टीच्या शेजारात पाण्यालाच भयाचे मूळ केले. ती वाट लोकलमार्गाने आणखी पुढे, शेवटच्या स्थानकापर्यंत यायला हवी.

आणि मरणेही आहेत, नाव-पत्ता असलेली. समृद्धी महामार्गाचे काम चालू असताना १ ऑगस्ट २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यात सरळांबे इथे पुलाचे गर्डर बसवणारे अवाढव्य यंत्र कोसळले आणि २० कामगार ठार झाले. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्यातल्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट आता काही मिनिटांत ओलांडता येतो. त्या वेगाने जाणाऱ्या प्रवाशाच्या मोबाइलवर झाडावरची बिनमुंडक्याची म्हातारी सहज सापडते. कुणीतरी कल्पिलेल्या बाईला एवढी प्रसिद्धी आणि खरोखर मेलेल्या वीस जणांची कुणी कथा सांगू नये, हा आपल्या भयकथेचा सर्वांत मोठा दोष आहे.

म्हणून मराठी पटकथालेखकांना विनंती आहे: पुढचा चित्रपट झपाटलेल्या घराचा जरूर करा, भरपूर घाबरवा, पण शेवटचे दृश्य लिहिण्याआधी दोष कुणाच्या दारात ठेवला ते एकदा तपासा. तो एखाद्या म्हातारीच्या, वेड्या ठरवलेल्या सुनेच्या किंवा पाड्यावरच्या माणसाच्या दारात गेला असेल, तर पटकथा पुन्हा लिहा. प्रेक्षकांनीही हाच निकष लावावा.

आणि शहापूर-मुरबाडच्या वाचकांसाठी एक माहिती. कुणाला भुताळीण किंवा भुताळ्या ठरवून छळणे हा २०१३ च्या कायद्याने दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे. या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी पोलीस निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. गावात कुणाचे नाव असे घेतले जात असल्याचे कानावर आले, तर निखारे पेटण्याची वाट न पाहता पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवा.